नोकरी सोडली, धंदा बुडाला... गाडी रुळावर कशी आणावी?

मधलीसुट्टी | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४१, डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ११ वर्षं क्वालिटीत होतो. हातात ४६ हजार येत. ऑगस्ट २०२२ मध्ये राजीनामा दिला. साहेबाशी पटत नव्हतं हे एक आणि मोबाइलवर चहावाल्यांच्या यशोगाथा बघून डोकं फिरलं हे दुसरं. चहाची फ्रँचायझी घेतली. पीएफचे सव्वापाच लाख, ग्रॅच्युइटीचे १ लाख ४० हजार, वर चार लाखांचं पर्सनल लोन. मोशीत रस्त्याला लागून गाळा, भाडं २२ हजार. दिवसाला ४५० कप गेले की सुटलो, असा हिशेब होता. पहिल्या महिन्यात गेलेही. मग शंभर पावलांवर दुसऱ्या ब्रँडचं दुकान आलं, त्याच्या पलीकडे तिसरं. शेवटी शेवटी १६० कपांवर आलो. फेब्रुवारी २०२४ ला शटर ओढलं ते कायमचं.

मध्ये काही महिने घरीच. आता दहा महिने झाले, भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये २४ हजारांवर आहे. बायको शिकवण्या घेते, त्याचे ८ हजार. मोशीत वन बीएचके आहे, त्याचा हप्ता १७,५००. पर्सनल लोन ९,२००. कार्डाचं मिनिमम ३,०००. घरखर्च आणि मुलीची शाळा धरून १३ हजार. कसंबसं भागतं.

प्रश्न असा की, फ्लॅट विकून मोकळं व्हावं का? आणि बायोडेटात ते दीड वर्ष काय म्हणून लिहू? दोन मुलाखतींत "चहा विकत होतो" म्हटल्यावर समोरचा हसला. कुणी यातून गेलं असेल तर लिहा. उपदेश चालेल, पण जरा बेतानं.

---

टवाळखोर | १३ जून, सकाळी ८:०५

फ्रँचायझी देणारा मात्र स्थिर झाला म्हणायचा.

(सॉरी. धाग्याला शुभेच्छा मनापासून आहेत.)

---

निंबोणी | १३ जून, सकाळी ९:२२

टवाळखोर, सकाळी सकाळी नको.

मधलीसुट्टी, मी एचआरमध्ये आहे, पुण्यातच. बायोडेटाचं सांगते. ते दीड वर्ष लपवू नका. कोरी जागा दिसली की आम्ही आजारपणापासून पोलीस केसपर्यंत सगळं मनात आणतो. सरळ लिहा, 'स्वतःचा व्यवसाय, खाद्यपेय विक्री, ऑक्टोबर २०२२ ते फेब्रुवारी २०२४'. खाली दोन ओळी: किती माणसं हाताखाली होती, खरेदी कशी सांभाळलीत. आणि "चहा विकत होतो" असं पडक्या आवाजात सांगाल तर समोरचा हसणारच. तो चहाला हसत नाही हो, त्या आवाजाला हसतो.

दुसरं, पगार. आत्ताचा २४ सांगितलात की २८ देऊ करतील. तुमची किंमत ११ वर्षांच्या क्वालिटीची आहे, दहा महिन्यांच्या वर्कशॉपची नाही. आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाचं, इंटर्नल ऑडिटर सर्टिफिकेट आहे का?

---

मधलीसुट्टी | १३ जून, दुपारी १:१०

निंबोणी ताई, आहे. २०१७ ला कंपनीनेच करून घेतलं होतं. तेव्हा सगळे जुन्या टीएस मानकावरून या नव्यावर जात होते. पीपीएपी (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेणं), ८डी (दोषाचं मूळ कारण शोधून उपाय करायची पद्धत), कस्टमर ऑडिट सगळं केलंय. आता वर्कशॉपमध्ये व्हर्निअर घेऊन मालाचे डबे तपासत बसतो. परवा मालकाचा पुतण्या म्हणाला, "काका, एवढं काय बघता, टाका ओके." व्हर्निअरचा झीरोच चुकत होता, ते त्याला दाखवलं तर म्हणे चालतंय.

---

भोसरीचा फिटर | १३ जून, दुपारी १:४८

चालतंय म्हणणाऱ्याचाच माल परत येतो. माझ्या शॉपवर दोन लॉट रिजेक्ट होऊन आले तेव्हा कळलं. दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. ओळखीत एक-दोन ठिकाणी क्वालिटीला माणूस हवाय. खात्री देत नाही, विचारून बघतो.

---

तिरफळ | १३ जून, दुपारी ३:३०

अवांतर आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. गुळाचा चहा होता का? आमच्या म्हापशात भाच्याने असंच दुकान टाकलेलं, त्याचा रोज पहिला टोप फाटायचा.

---

मधलीसुट्टी | १३ जून, दुपारी ४:०२

हो, गुळाचाच. :) फाटतो कारण लोक दूध उकळत असतानाच गूळ टाकतात. चहा पूर्ण झाला, गॅस बंद केला, मिनीटभर थांबलं आणि मग किसलेला गूळ टाकला की फाटत नाही. गूळही गडद, मऊ बघून घ्यायचा. पिवळाधमक, कडक गूळ दिसायला छान, पण दगा देतो. हे शिकायला मला पहिल्या आठवड्यात चाळीस लिटर दूध लागलं.

---

टवाळखोर | १३ जून, दुपारी ४:१०

चाळीस लिटरचं पनीर केलं असतंत तर धंदा चालला असता.

---

पेठेतली आजी | १३ जून, संध्याकाळी ५:४५

अमृततुल्यवाल्यांच्या तीन तीन पिढ्या पितळी पातेल्यात साखरेचाच चहा करून जगल्या. गूळ, तंदूर, चॉकलेट ही सगळी थेरं. असो. बाळ, फ्लॅट विकू नकोस एवढंच सांगते. एकदा गेलेली जागा परत होत नाही.

---

अण्णा डोंबिवलीकर | १३ जून, संध्याकाळी ७:१५

आजींशी असहमत. जागा ही भावनेची वस्तू नाही. उत्पन्न ३२, त्यातले १७.५ घराला, म्हणजे निम्म्याहून जास्त. मी २०२० मध्ये नोकरी गेल्यावर ठाण्यातला फ्लॅट सहा महिने ओढत बसलो. हप्ते थकले. ९० दिवस उलटले की खातं एनपीएमध्ये, म्हणजे थकीत कर्जांत जातं, त्यानंतर बँक तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलते. नोटीस आली तेव्हा विकला, घाईत, भावापेक्षा कमी. आधीच विकला असता तर चार पैसे हातात राहिले असते. आज भाड्यानं राहतो, झोप लागते.

---

स्थितप्रज्ञ | १३ जून, संध्याकाळी ७:४०

अण्णा, तुमच्या वेळी पगार शून्य होता. यांचा चालू आहे. दोन्ही एका तराजूत नको. बँकेत जाऊन मुदत वाढवून मागता येते, हप्ता थोडा खाली येतो. मात्र हप्ता चुकण्याच्या *आधी* जा. हप्ते वेळेवर असलेल्या माणसाला मॅनेजर खुर्ची देतो.

---

हिशेबनीस | १३ जून, रात्री १०:२०

पतसंस्थेत ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. धागा दोनदा वाचला. एक आकडा बसत नाहीये.

जमा: २४,००० अधिक ८,०००, म्हणजे ३२,०००.
खर्च: १७,५०० अधिक ९,२०० अधिक ३,००० अधिक १३,०००, म्हणजे ४२,७००.

दर महिन्याला १०,७०० कमी. दहा महिन्यांचे १ लाख ७ हजार. 'कसंबसं भागतं' असं तुम्ही लिहिलंय, पण भागूच शकत नाही. हे पैसे कुठून आले? इथे नाव-गाव कुणाला ठाऊक नाही, सांगायला हरकत नसावी. उत्तर काय असेल याचा अंदाज आहे, म्हणून विचारतोय.

---

टवाळखोर | १३ जून, रात्री १०:३१

काका, तुम्ही कर्जदारांच्या स्वप्नात येत असाल.

---

कोरडवाहू | १३ जून, रात्री ११:०५

हिशेबनीस काकांचा अंदाज तोच आमचा. आमच्याकडे बीडला सावकाराच्या या पैशाला 'वरचा पैसा' म्हणतात. दादा, किती शेकडा?

---

मधलीसुट्टी | १४ जून, रात्री १२:५५

मघापासून उत्तर लिहून खोडत होतो.

शेकडा पाच. एक लाख घेतले, आठ महिने झाले. घेणारा-देणारा दोघेच, मध्ये एक कोरा चेक. महिन्याच्या पाच तारखेला ५,००० द्यायचे. चाळीस हजार गेले, मुद्दल आहे तिथंच. गेले तीन महिने ते व्याज कार्डावरून पैसे काढून देतोय. कार्डावर साठ हजार झालेत. बायकोला हे माहीत नाही. तिला वाटतं वर्कशॉपमध्ये ओव्हरटाइम मिळतो.

---

हिशेबनीस | १४ जून, सकाळी ६:३०

लिहिलंत ते बरं केलंत.

आता फ्लॅट, बायोडेटा सगळं बाजूला ठेवा. आधी हे एक. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. तो पैसा तुमच्या घरात आहे तोवर ४६ची नोकरी लागली तरी काही सुधारणार नाही. कार्डाचं व्याजही महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, मिनिमम भरून फक्त दंड टळतो.

घरात सोनं आहे का? बँकेचं सोनेतारण साधारण १० टक्क्यांनी धरा. एक लाखाला महिन्याला ८३३ रुपये व्याज. आत्ता देताय पाच हजार. कार्डाचे साठ हजारही त्यातच मिटवा. मात्र सोनेतारणाची तारीख चुकवली तर दागिना लिलावात जातो, तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. आणि चेक परत घेतल्याशिवाय त्याच्या हातात शेवटची रक्कम ठेवू नका.

---

मधलीसुट्टी | १४ जून, सकाळी ८:१५

आईच्या पाटल्या आहेत. तिच्यामागे तेवढीच तिची म्हणून उरलेली वस्तू. त्या काढायच्या नाहीत असं ठरवलं होतं.

---

लालबागची लेक | १४ जून, सकाळी ११:५०

यावर मला लिहायलाच हवं.

माझे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यातले आम्ही एक. वडलांनी नोकरी सोडली नव्हती, नोकरीनेच त्यांना सोडलं. पुढे गिरणी उघडलीच नाही. आईने पहिल्यांदा पितळेचा बंब विकला, मग स्वतःच्या बांगड्या. वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. त्या पैशांतून तिने खोलीतच खाणावळ सुरू केली, सहा मेंबर. वडील म्हणायचे, बायको लोकांना वाढतेय आणि मी बघत बसू? संध्याकाळी मेंबर यायच्या वेळेला ते गॅलरीत जाऊन बसत.

मग एक दिवस आईला ताप होता. वडील आत आले, दाराकडे पाठ करून बसले आणि कांदा चिरायला घेतला. कुणी बघू नये म्हणून पाठ. तशी पाठ करून त्यांनी जवळजवळ वर्षभर कांदा चिरला. मग कधीतरी वळून बसायला लागले, कधी ते मला आठवत नाही. पुढे अकरा वर्षं खाणावळ दोघांनी चालवली.

आईच्या त्या बांगड्या परत कधीच झाल्या नाहीत. आम्हाला आठवते ती तिची आमटी. तुमच्या आईने पाटल्या कशाला जपल्या असतील, याचा विचार करा. कपाटात ठेवून तुम्ही शेकडा पाच भरावं म्हणून?

---

पेठेतली आजी | १४ जून, दुपारी १२:३०

लेकी, डोळ्यात पाणी आणलंस. बाळ, मी आई असते तर पाटल्या स्वतः नेऊन ठेवल्या असत्या.

---

नागपुरी भाऊ | १४ जून, दुपारी १:१५

अन् वहिनीले सांगा आधी राजेहो. सोनं त्यांच्या माघारी काढसान तर तो तिसरा सावकार होईल घरातला.

---

कोरडवाहू | १४ जून, दुपारी २:४०

+१. त्या शेकडा पाचवाल्याबद्दल. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करणं गुन्हा, आणि परवाना असला तरी दर सरकारने ठरवलेला. तक्रार सहकार खात्याकडे, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे. पण मी असं सांगेन की आधी देऊन मोकळे व्हा, चेक घ्या. तो चेक द्यायला खळखळ करायला लागला तर निबंधकाचं नाव काढा. आमच्या चुलत्याच्या बाबतीत नुसतं नाव काढल्यावर कागद घरपोच आला होता.

---

निंबोणी | १४ जून, दुपारी ३:२०

कार्डाबद्दल पुरवणी. बँक फोन करून "इतके भरा, सेटल करतो" म्हणेल. मोहात पडू नका. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे कर्ज मागायला गेलात की तो आडवा येतो. पूर्ण भरून 'क्लोज्ड' करा आणि पत्र मागून घ्या. वसुलीचे फोन आलेच तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट बजावलंय.

पीएफ काढलात, पण पेन्शनचं काय? १० वर्षं पूर्ण झाल्यावर ते पैसे काढता येत नाहीत, म्हणजे तुमची ११ वर्षं जमा आहेत, ५८ ला पेन्शन आहे. नव्या कंपनीत तोच जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या.

---

ह्यूस्टनची काकू | १४ जून, संध्याकाळी ६:०५

इकडे तर नोकरी जाते म्हणजे शुक्रवारी दुपारी लॅपटॉपच बंद पडतो आणि त्याबरोबर आरोग्य विमाही. तुमच्याकडे विम्याचं काय? कंपनीची पॉलिसी राजीनाम्याबरोबर गेली असेल ना?

---

मधलीसुट्टी | १४ जून, रात्री १०:४५

गेली. आजवर लक्षातच आलं नव्हतं. तिघांपैकी कुणालाच विमा नाही. यादीत आणखी एक.

कोरडवाहू, नागपुरी भाऊ, लालबागची लेक... काय लिहू. आज डबा न खाता वर्कशॉपच्या मागे बसून तुमचे प्रतिसाद वाचले.

---

अण्णा डोंबिवलीकर | १४ जून, रात्री ११:१०

एक सुचवू? तुमचं मूळ गाव कुठलं? वडील आहेत का?

---

मधलीसुट्टी | १४ जून, रात्री ११:१८

राजगुरुनगर. वडील आहेत, एकटेच असतात, घर मोठं आहे. पण अण्णा, तिथे परत जायचं म्हणजे... दुकानाच्या उद्घाटनाला अख्खी आळी आली होती हो. पेढे वाटले होते.

---

अण्णा डोंबिवलीकर | १४ जून, रात्री ११:२६

मग मी माझा सल्ला बदलतो. विकू नका. मोशीचा फ्लॅट भाड्यानं द्या, ११-१२ हजार कुठे जात नाहीत. राजगुरुनगरहून चाकण किती? दहा-बारा किलोमीटर. कंपन्यांच्या बसेस येतात तिथपर्यंत. १७,५०० चा हप्ता खिशाला सहा हजाराला पडेल. पेढ्यांचं म्हणाल तर लोकांनी ते खाल्ले आणि विसरले.

---

स्थितप्रज्ञ | १४ जून, रात्री ११:४०

आणि मुलीची शाळा? जूनमध्ये दाखला हलवायचा? आकडे सगळे बरोबर आहेत, पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणी त्यात कुठे मांडायच्या?

---

टवाळखोर | १४ जून, रात्री ११:५२

मांडू नका, विचारा तिला. मी चौथीत असताना आम्ही सांगलीहून कऱ्हाडला आलो, वडलांच्या अशाच एका धंद्यामुळे. मला मैत्रिणी सुटल्याचं दुःख नव्हतं (नव्हत्याच). रात्री घरात कुजबूज चालायची आणि मी आलो की दोघं गप्प व्हायचे, ते अजून आठवतं. तिला चहाचं दुकान बंद झालं हे ठाऊक आहेच की. बाकीचंही सांगा, झेपेल एवढं.

(हा प्रतिसाद माझाच आहे. आयडी हॅक झालेला नाही.)

---

निंबोणी | १५ जून, सकाळी ९:००

टवाळखोर, आजपासून तुम्हाला माफ.

मधलीसुट्टी, आणखी एक, आगाऊपणा वाटला तरी. झोप उडाली असेल, डोक्यात नको ते येत असेल तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

तिरफळ | २९ जून, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. मधलीसुट्टी, काय झालं पुढे?

---

मधलीसुट्टी | ७ जुलै, रात्री १०:३०

उशीर झाला, माफ करा.

बायकोला सांगितलं. १५ तारखेलाच, रविवारी. ती काही बोलली नाही. उठून कपाटातून पाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि कणीक मळायला लागली. दुसऱ्या दिवशी बँकेत ती बरोबर आली. ओव्हरटाइमची थाप मात्र तिला लागलीय, ती अजून अधूनमधून निघते. निघणारच.

चेक परत मिळाला. चार तुकडे केले, मग हिशेबनीस काकांची आठवण झाली आणि वाटलं फोटो काढून ठेवायला हवा होता. कार्ड बंद करायचा अर्ज दिलाय. विम्याची चौकशी चालू आहे, हप्ता बघून घाम फुटला.

राजगुरुनगरचं अजून ठरत नाही. मुलीला विचारलं तर म्हणाली, आजोबांकडे मांजर ठेवता येईल का. वडील फोनवर म्हणाले, वरची खोली झाडून ठेवतो. बाकी काही विचारलं नाही, त्यामुळे मलाच जड गेलं. बायको म्हणते दिवाळीपर्यंत थांबू, शिकवण्या मध्येच सोडता येत नाहीत.

फिटर दादांनी सांगितलेल्या एका ठिकाणी मुलाखत झाली. त्या दीड वर्षाबद्दल विचारलं. म्हटलं, दुकान होतं, रोज ४५० कप लागायचे, १६० जायचे, बंद केलं. त्यांनी विचारलं, मग त्यातून काय केलंत? मी गुळाचा चहा फाटण्याचं ८डी करून सांगितलं, मूळ कारणापासून उपायापर्यंत. दोघं हसले, पण यावेळचं हसणं वेगळं होतं. ३८ देऊ म्हणालेत, पत्र यायचंय. आलं की सांगतो.

---

हिशेबनीस | ८ जुलै, सकाळी ६:१०

फाटलेल्या चेकचे तुकडेही जपून ठेवा. नंबर दिसतोय ना?

---

मधलीसुट्टी | ८ जुलै, सकाळी ७:२०

दिसतोय काका. पाकिटात घालून ठेवतो.

जाता जाता: चहाची वीस लिटरची स्टीलची टाकी, नळासकट, गॅलरीत पडून आहे. नळ गळत नाही. इथे कुणाला हवी असेल तर व्यनि करा.

---

तिरफळ | ८ जुलै, सकाळी ७:४१

भाच्याला हवीय. कितीला?